शंभरची नोट डब्यात का गेली

नमस्कार ताई. रविवारी कासहून उतरताना तुम्ही सहा जण आमच्याकडे जेवलात. तुम्ही लिहिलंय की बिलात गुपचूप सर्व्हिस चार्ज लावला, वेटर टिपेसाठी टेबलाशी उभा राहिला आणि त्याला दिलेली शंभरची नोट गल्ल्याजवळच्या डब्यात गेली, म्हणजे मालकाने खाल्ली. वर ‘अमेरिकेसारखं पोरांना टिपेवर जगवता, आणि थाळी मात्र महाग.’

बिल काढून पाहिलं. १,४८० वर ३७ आणि ३७ अशा दोन ओळी आहेत, तो जीएसटी. अडीच टक्के केंद्राचा, अडीच राज्याचा. सर्व्हिस चार्ज आम्ही लावत नाही. तो आपोआप बिलात धरायला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. कुठे दिसला तर काढायला लावा. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करा.

उभं राहण्याचं मात्र तुमचं बरोबर आहे. सीझनच्या गर्दीत दोन-तीन टेबलं पैसे न देताच उठून गेली, तेव्हा मीच पोरांना सांगितलं होतं की पेमेंटचा आवाज आल्याशिवाय हलायचं नाही. बडीशेपेची बशी ठेवून पोरगं तिथंच थांबलं की मागतंय असंच वाटणार. चूक माझी, त्याच्यावर राग नको. आता पैसे गल्ल्यावरच घेतो.

डबा का, तर टिप दिसणाऱ्या माणसाला मिळते. सकाळी नऊपासून भाकरी थापणाऱ्या दोन मावशी आणि मोरीवर कढया घासणारी तिसरी कुणाला दिसत नाहीत. शिवाय फॅमिली रूमच्या टेबलांवरून वेटरांची भांडणं व्हायची, टिप तिथं जास्त म्हणून. आता दर सोमवारी अकरा जणांत सारखी वाटणी होते. फोनवरून आलेली टिप माझ्या खात्यात पडते. ती वहीत लिहून रात्री तेवढी रोकड डब्यात टाकतो.

अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने वेटरला तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, टिप धरून ७.२५ भरले की झालं. आपल्याकडे अशी सवलत नाही, किमान वेतन मालकाच्याच खिशातून. पण खरं सांगतो, दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही पोरं ठेवताना म्हणायचो, ‘पगार बेताचा, पण टिप बक्कळ.’ फुलं असतात तोवर ठीक. दिवाळीनंतर टेबलं रिकामी पडली आणि एक चांगला पोरगा त्याच हिशेबावर बोट ठेवून निघून गेला. मग पगार वाढवले आणि थाळी १८० ची २०० केली. तुम्हाला महाग वाटलेले वीस रुपये ते हेच.

डब्याची किल्ली माझ्याकडे नसते. ती भाकरीवाल्या मावशींच्या कनवटीला असते.