नारळ पंधरा फुटांवर आणायचा म्हणे!

मंगळवारी संध्याकाळी वळीव आला, वीस-पंचवीस मिनिटं झोडपून गेला आणि आमच्या सोसायटीचा गुलमोहर पार्किंगमध्ये आडवा झाला. भर मे महिन्यातला, लालभडक फुललेला. खाली दोन गाड्या आणि एक स्कूटर. माणूस कुणी नव्हतं, नशीब. रात्री दीडपर्यंत अग्निशमन दलाची पोरं करवती घेऊन राबत होती. त्यांना चहा द्यायला आम्ही तीन बायका आणि वॉचमनदादा. बाकी अख्खी सोसायटी गॅलरीतून व्हिडिओ काढत होती.

आज सकाळी फोन उघडला तर ग्रुपवर पोल. ‘सोसायटीतील सर्व झाडे १५ फुटांपर्यंत कमी करण्यात यावीत. हो / नाही.’ मी बघितलं तेव्हा ४१ हो झाले होते. सर्व झाडे म्हणजे कडुलिंब, जांभूळ, मागचा आंबा आणि दोन नारळ.

नारळ! अहो, नारळ पंधरा फुटांवर आणायचा कसा? त्याला काय फांद्या असतात? वर एकच कोंब असतो, सगळ्या झावळ्या त्यातूनच येतात. तो छाटला की माड मेला, उरला नुसता खांब. हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "मॅडम, तांत्रिक बाबी कॉन्ट्रॅक्टर बघेल." वर हात जोडल्याचं चिन्ह.

तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे.

माझ्या आत्याची दिवेआगरला वाडी आहे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ त्याच पट्ट्यात जमिनीवर चढलं. त्या दिवशी पुण्यातही झाडं पडली होती, पण आपण लॉकडाऊनमध्ये खिडकीत बसून बघत होतो. आत्याचा फोन कितीतरी दिवस लागला नाही. दिवाळीच्या आधी आम्ही ताम्हिणीतून गेलो. ज्या वाडीत लहानपणी भर दुपारी आम्ही उन्हाचे कवडसे मोजायचो, तिथे नुसतं ऊन पसरलेलं. माड मुळासकट उपटलेले, पोफळी तर कमरेतून मोडलेल्या. आणि सत्तरी ओलांडलेली आत्या विहिरीपाशी बसून नारळाची रोपं न्याहाळत होती.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "आत्या, आता तरी ठेंगू जात लाव. पडायची भीती नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझं पुणं आठवलं. "ठेंगू लावू? मग त्याच्याखाली पोफळ कुठे लावू? पोफळीवर मिरी कुठे चढवू? जायफळाला सावली कोण देईल, तू?"

उंची म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. वाडीत मजले असतात. वरचा मजला पाडला की खालचे सगळे उन्हात येतात. हेच आमच्या कडुलिंबाचंही आहे. त्याच्या सावलीमुळे एप्रिलमध्येही आमचं स्वयंपाकघर सोसवतं. पण सांगणार कुणाला? समोर ‘हो’वर बोट ठेवून बसलेली जनता.

आता गुलमोहर का पडला ते ऐका. उंचीमुळे नाही पडला. तीन वर्षांपूर्वी पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवले, बुंध्याला अगदी गळ्याशी येईपर्यंत. टीचभर माती सोडली नाही. मग पाइपलाइनसाठी चर खणला आणि एका बाजूची मुळं खाडखाड तोडली. त्याच बाजूच्या फांद्या दर वर्षी गॅलरीत येतात म्हणून छाटल्या. शेवटी झाडाचं सगळं वजन पार्किंगच्या अंगाला आणि त्याला धरून ठेवणारी मुळं गायब. दुसरं काय होणार होतं? पडला तिकडेच. एका पायावर उभं करून ढकललं तर तुम्हीही पडाल, तुमची उंची पाच फूट असो नाहीतर सहा.

आणि शेंडे छाटून झाड सुरक्षित होतं, हे कुणी सांगितलं? छाटलेल्या जागी धुमारे फुटतात, भराभर वाढतात आणि त्यांची पकड वरवरची असते. दोन-तीन पावसाळ्यांनी तेच पहिल्यांदा खाली येतात. तेव्हा परत पोल घेणार का?

हो, गुलमोहर ठिसूळ असतो. मूळचा मादागास्करचा, मुळं वरवर पसरणारी. इमारतीला खेटून लावायलाच नको होता. मान्य. ए विंगच्या काकांच्या सोलरवर जांभळाची सावली पडते, तेही खरं. त्या दोन फांद्या रीतसर कापा ना, कोण नाही म्हणतंय?

पण खरं कारण सोलर नाही हो. ग्रुपवर एकाने बोलून दाखवलंच, "वरच्या मजल्यांना टेकडीचा व्ह्यूही मिळेल." वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. हेच गृहस्थ बालभारती-पौड फाटा रस्त्याला विरोध करायला आमच्याबरोबर वेताळ टेकडीवर फलक धरून उभे होते! टेकडीवरची झाडं दिसावीत म्हणून दारातली कापायची. पुणेकरांनो, साष्टांग नमस्कार.

सेक्रेटरीसाहेबांना एकच विचारलं, परवानगीचं काय? ते म्हणाले, "तोडत नाही आहोत, फक्त कमी करतोय." अहो, १९७५ सालचा कायदा आहे. त्यात झाडाचं कुठल्याही प्रकारे नुकसान करणं हेसुद्धा ‘तोडणं’च धरलंय. उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. आणि मागचा आंबा तर इथे शेतं होती तेव्हाचा. २०२१च्या दुरुस्तीपासून पन्नाशी पार केलेल्या झाडाला कायद्यातच वारसा वृक्ष म्हटलंय. पोल घेऊन नाही कापता येत.

इतकं लिहून झालं आणि बेल वाजली. दारात सी विंगच्या काकू.

चिरडलेल्या गाड्यांतली एक त्यांची. जुनी गाडी, इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे हातात शून्य. काकांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायची ती गाडी. काकूंनीही ‘हो’ केलंय. मला म्हणाल्या, "तू ग्रुपवर छान लिहिलंस गं. पण तुझी गाडी नव्हती ना खाली."

मला काही बोलता आलं नाही. पोहे केले होते, ते दिले.

आणि आता आत्याची गोष्ट अर्धीच सांगितली हे मनाला खातंय. त्या वादळात पडलेल्या माडांपैकी एक हद्दीच्या दगडी गडग्याला लागून होता, शेजारच्या तात्यांच्या पडवीवर झुकलेला. तात्या किती वर्षं सांगत होते, तोडा म्हणून. आत्या दर वेळी म्हणायची, "माझा माड आहे, मी बघते." वादळात तो त्यांच्या पडवीवरच गेला. वासे, कौलं, आतलं शिवणयंत्र, सगळं गेलं. आत्याने पैसे दिले, तात्यांनी मोजून घेतले आणि वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. चूक आत्याची होती. मी तिला तसं कधी म्हटलं नाही, पण होती.

त्या जागी तिने पुन्हा माड लावला नाही. नवा लावला गडग्यापासून दहा हात आत. जात मात्र तीच, उंच जाणारी.

म्हणून रविवारच्या मीटिंगमध्ये माझं म्हणणं एवढंच असेल. झाडं कळणारा माणूस बोलवा, त्याला एकेक बुंधा बघू दे. जे पोखरलंय, झुकलंय ते रीतसर परवानगीने काढू, मी स्वतः ‘हो’ म्हणेन. बुंध्याभोवतीचे पेव्हर दोन-दोन हात उचला. आणि सिंकिंग फंडात हात घालायचा नसेल तर वर्गणी काढा, पण काकूंच्या गाडीचं आधी बघा. पार्किंगला पेव्हर बसवताना टाळ्या आपणच वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या, चिखल जाणार म्हणून.

नारळाला मात्र हात लावू देणार नाही. सुके नारळ आणि झावळ्या पावसाळ्याआधी उतरवायला पाडेली बोलवा, पैसे मी देते.

लिहिता लिहिता पोल ५३वर गेलाय. नाही म्हणणारे सहा. त्यातलं एक मत माझ्या नवऱ्याचं आहे आणि तेही मी त्याच्या फोनवरून दिलंय.

थांबा, खालून कटरचा आवाज येतोय.

...

बी विंगमध्ये कुणाच्या तरी बाथरूमच्या फरशा कापतायत. मी अनवाणी जिना उतरून गेले होते. वॉचमनदादा हसत होते.