कोटेशनवाले सर

दुकानातल्या पोराने माझा नंबर 'कोटेशन सर' या नावाने सेव्ह केलाय. हे मला परवा शनिवारी कळलं. तो मोबाईल काउंटरवर ठेवून माळ्यावर काहीतरी शोधायला गेला होता, दहा मिनिटं झाली तरी उतरेना म्हणून मी आपला त्याला मिस कॉल दिला, तर तो फोन माझ्याच समोर काचेवर उलट्या पडलेल्या झुरळासारखा गरागरा फिरायला लागला आणि वर मोठ्या अक्षरात, कोटेशन सर. बाजूच्या स्टुलावर एक आबा बसले होते, धोतर-टोपीतले. त्यांनी मान वाकडी करून ते वाचलं. मोठ्याने वाचलं. मग माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "तुम्हीच का?" म्हणाले.

आता नाव खोटं असतं तर मी भांडलो असतो. पण मागच्या सात-आठ वर्षांत मी त्या दुकानातून किती कोटेशनं काढून नेली असतील याचा हिशोब माझ्याकडेही नाही, आणि मी पतसंस्थेत काम करतो, हिशोब हेच माझं पोट आहे. घरी एक फाईल आहे. बायको तिला 'सरांची पीएचडी' म्हणते.

थोडक्यात सांगतो. २०१७ च्या जूनमध्ये मी याच दुकानातून गेमिंग पीसी बनवला, इंटेलचा सातव्या जनरेशनचा आय५ प्रोसेसर, १०५० टीआय ग्राफिक कार्ड, ८ जीबी रॅम. त्यानंतर चार महिन्यांनी आठवी जनरेशन आली. तेव्हा वाटलं, ठीक आहे, होतं असं. पण पुढे विंडोज ११ आली आणि नियम निघाला की आठव्या जनरेशनपासून पुढचेच प्रोसेसर चालतील. चार महिने! चार महिने थांबलो असतो तर! तिथून जे थांबायचं वेड लागलं ते लागलंच. २०२१ मध्ये क्रिप्टो नाणी काढणाऱ्या मायनिंगवाल्यांनी ग्राफिक कार्डं उचलली, भाव दुप्पट-तिप्पट, म्हटलं थांबू. २०२२ च्या सप्टेंबरात त्यातल्याच इथेरियम नाण्याचं मायनिंग बंद झालं, भाव पडायला लागले, म्हटलं अजून पडतील, थांबू. मग डीडीआर५, म्हणजे पुढच्या पिढीची रॅम, नवीन होती, महाग होती, ती स्वस्त होईपर्यंत थांबू. ती स्वस्त झाली तोवर एनव्हिडियाच्या कार्डांची ५००० सिरीज येणार म्हणून थांबू. ती आली, त्यातल्या ५०६० ला ८ जीबीच मेमरी दिली, यूट्यूबवरच्या यच्चयावत लोकांनी शिव्या घातल्या, मग मीही घातल्या आणि थांबलो. २०२५ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की जीएसटी कमी होणार. म्हटलं आता घेणं म्हणजे मूर्खपणा, कोण घेईल? २२ सप्टेंबरला दर बदलले. टीव्ही स्वस्त, एसी स्वस्त, डिशवॉशर स्वस्त. डिशवॉशर! कम्प्युटरचे पार्ट १८ टक्क्यांवर होते, ते १८ वरच राहिले. आमच्या गल्लीत एकाकडे डिशवॉशर असेल तर शपथ.

आणि मग ऑक्टोबर. त्या एका महिन्यात विंडोज १० चा सपोर्ट संपला, १४ तारखेला, आणि माझ्या कार्डाच्या अख्ख्या पिढीला नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर येणंही बंद झालं. एकाच महिन्यात दोन्हीकडून रिटायर, निरोप समारंभ नाही, नारळ नाही, शाल नाही. आणि त्याच सुमारास रॅमचे भाव जे सुटले ते सुटलेच.

तर शनिवारी मी ठरवून गेलो होतो की आज घ्यायचंच. खरंच ठरवलं होतं. एटीएमचं लिमिट वाढवून घेतलं होतं. पोराला म्हटलं, १६ जीबीच्या दोन पट्ट्या डीडीआर५, काय लावशील? त्याने कॅल्क्युलेटर न घेता जो आकडा सांगितला तो मागच्या उन्हाळ्यातल्या दोन पट्ट्यांच्या कोटेशनच्या साधारण दुप्पट होता. मी म्हटलं हा काय सेटचा भाव आहे का, तर म्हणे "नाही सर, एका पट्टीचा." वर म्हणतो कसा, "तुमची जुनी डीडीआर४ असेल तर द्या, चांगला भाव देतो." म्हणजे साडेआठ वर्षं वापरलेली रॅम मी घेतली त्या भावात तो परत घ्यायला तयार! माझ्या आयुष्यातली ही एकमेव गुंतवणूक जिने मुद्दल राखलं, आणि ती मी विकू शकत नाही कारण ती काढली तर कम्प्युटर चालू होणार नाही.

हे सगळं आबा ऐकत होते. एरंडोलकडचे निघाले. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यातून भरताची वांगी डोकावत होती, ही एवढी, हिरवीगार, पांढऱ्या रेघांची, देठाला अजून काटे. पिशवी जड झाली असावी म्हणून त्यांनी ती उचलली आणि काउंटरवर, नेमकी मी गेली दीड वर्षं बाहेरून पाहतोय त्या ग्राफिक कार्डाच्या खोक्यावर ठेवली.

"कितलं जुनं शे तुन्हं?" आबा, अहिराणीत.

म्हटलं नऊ वर्षं होतील जूनमध्ये.

"नऊ वरीसमा बैल म्हतारा व्हई जास भो," आबा म्हणाले. मग माझ्या चेहऱ्यावरून त्यांना दया आली असावी, कारण ते सरळ मराठीत आले, "मग घेतलं का नाही इतके दिवस? पैशाची अडचण व्हती का?"

इथे मी चूक केली. नाही म्हणून गप्प बसायचं सोडून मी त्यांना समजवायला गेलो. म्हटलं आबा, जगात रॅम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. आता हे एआयवाले डेटा सेंटर बांधत सुटलेत, त्यांना एचबीएम नावाची वेगळी मेमरी लागते, ती पण याच तिघांच्या कारखान्यात बनते, आणि तेवढ्याच मेमरीला साध्या रॅमच्या जवळपास तिप्पट जागा लागते सिलिकॉनच्या चकतीवर. आबांचा चेहरा कोरा. मग म्हटलं, असं समजा की वावर तेवढंच आहे, सगळ्यांनी केळी लावली, आता ज्वारीला जागाच उरली नाही.

"मंग ज्वारी महाग होनारच," आबा म्हणाले. "यात इतकं काय?"

साडेआठ वर्षांत मी यूट्यूबवर घालवलेल्या तासांचं सार हे, एका ओळीत. मी म्हटलं, आबा, एकाने तर ज्वारी पेरणंच बंद करतो म्हणून सांगून टाकलं. मायक्रॉनने डिसेंबरात जाहीर केलं की तुमच्या-आमच्यासाठीचा क्रुशियल ब्रँड बंद. त्यावर आबा "त्याले परवडत नसंल" म्हणाले आणि खिशातून चुन्याची डबी काढली.

खरं सांगू का, या विषयावर माझं डोकं फिरतं. कारण मधे एका रात्री मी त्या एआयलाच विचारलं होतं की बाबा मी आत्ता पीसी बनवू का थांबू. त्याने सात मुद्दे दिले, गोड बोलला, आणि शेवटी 'हे तुमच्या गरजेवर अवलंबून आहे'. अरे माझी रॅम तू खाल्ली! ज्याच्या घरी लग्नाचं जेवण चाललंय त्यानेच बाहेर उभ्या माणसाला उपासाचे फायदे सांगायचे. दिवसभर पतसंस्थेत लोकांच्या ठेवींच्या पावत्या फाडायच्या, रात्री दहानंतर एक तास काय तो आपला, त्यात गेम उघडायला गेलं की पंखा असा ओरडतो की शेजारचे विचारतात गिरणी टाकली का. मे महिन्यात तर विचारू नका, जळगावचं ऊन, पारा पंचेचाळीस, मी कॅबिनेटचं झाकण काढून कूलरचं तोंड त्याच्याकडे केलं होतं, तर बायको पोरांना घेऊन दोन दिवस माहेरी भुसावळला गेली. म्हणजे उन्हापासून पळून भुसावळला! एवढी चिडली होती.

ती तर कधीचीच सांगते, तेव्हा पीसीत घातलेल्या पैशात दोन तोळ्याला थोडं कमी सोनं आलं असतं. जळगावात राहून हे ऐकावं लागणं म्हणजे काय ते जळगावकरालाच कळेल. सोन्याने २०२५ च्या एप्रिलमध्ये लाख ओलांडले त्या दिवशी तिने मला काही म्हटलं नाही. फक्त पेपर डब्याखाली ठेवून दिला.

तर आबा. आबा इथे का आले होते? तोपर्यंत पोरगा माळ्यावरून उतरला, खाली टेबलावर एक कॅबिनेट आडवं होतं त्याचे स्क्रू काढायला लागला. काचेची साईड, आत लाईट, नवी कोरी डीडीआर५ ची जोडी, आणि कार्ड, अहो माझ्या फाईलीतल्या शेवटच्या पाच कोटेशनांमधलं कार्ड. मी विचारलं हे कोणाचं रे? पोरगा म्हणाला, "आबांचं."

नातवाला घेतलेलं. म्हटलं आबा, कधी घेतलं? "पोयाले."

पोळ्याला. मी मनात मोजलं. २२ ऑगस्ट. म्हणजे मी जीएसटी कमी व्हायची वाट पाहत घरी बसलो होतो, रॅम अजून जमिनीवर होती, कार्डाचे भाव खाली आलेले होते, गेल्या पाच वर्षांत घ्यायला याच्यासारखा दिवस झाला नसेल. आणि या माणसाने तो दिवस गाठला. मी जवळजवळ रडकुंडीला येऊन विचारलं, आबा पण पोळ्यालाच का? कोणी सांगितलं?

आबांनी तंबाखू मळत सांगितलं. बैलजोडी विकली होती पोळ्याच्या आधी. ट्रॅक्टरच लावतात आता सगळे, दोन बैलांना वर्षभर पोसणं परवडत नाही, गुडघेही राहिले नाहीत. पण पोळा तोंडावर आला आणि दारात बैल नाहीत म्हटल्यावर नातू जेवेना. "पोऱ्या दोन दिन जेवना नही." बैलांचे पैसे घरातच पडले होते, नातवाला विचारलं तुला काय पाहिजे, तो म्हणाला कम्प्युटर. "पैसा व्हतात, लई लिधं."

एवढंच. बेंचमार्क नाही, काही नाही. दुकानातल्या पोराने जे हातात दिलं ते घेतलं.

आणि नातू त्याच्यावर काय खेळतो? पोरगा हसत म्हणाला, शेतीचा गेम. दिवसभर ट्रॅक्टर चालवतो. आबांना हे फार आवडलेलं दिसलं, म्हणाले मी पण पाहतो कधीकधी बसून, चांगलं आहे, त्याच्यात पाऊस येळेवर येतो. थोडं थांबून म्हणाले, "भावबी लगेच भेटतो."

यावर काय बोलणार. मी कार्डाकडे बघत बसलो.

मग पोराने पुढचा पंखा काढला आणि आम्ही तिघंही गप्प झालो. पंख्याच्या मागे जाळीवर कापूस. धूळ नाही, कापूस, खराखुरा, रेचायचा राहिलेला, एक सरकीसुद्धा होती. त्याने चिमट्याने ओढला तर लांबच लांब निघत राहिला, कार्तिकात एखाद्या म्हातारीला दिला असता तर तिने हजार वाती वळल्या असत्या. प्रोसेसरचा कूलर तर उशीसारखा भरलेला. मशीन गरम होऊन बंद पडत होतं याचं कारण ते होतं.

"आबा, कम्प्युटर कुठे ठेवलाय?"

कापसाच्या खोलीत. म्हणजे खोली नातवाचीच, पण दिवाळीपासून कापूस तिथे छतापर्यंत. नातू त्याच्यावरच चढून खेळतो. म्हटलं अहो, विकत का नाही? अंगाला खाज सुटत असेल घरात सगळ्यांच्या. आणि इतका वेळ स्टुलावर वाकून बसलेले आबा एकदम ताठ झाले. डोळ्यात तीच चमक, जी माझ्या डोळ्यात असते म्हणून बायको सांगते. म्हणाले, यंदा हमीभाव ८,११० लांब धाग्याला, पण त्याच्यासाठी मोबाईलवर नोंदणी करा, ओलावा मोजा, नंबर लावा. व्यापारी हजार-बाराशे कमी देतो. सरकारने ऑगस्टमध्ये आयातीवरचा ११ टक्के कर काढला व्हता, बाहेरचा माल आला, भाव बसला. आता ३१ डिसेंबरला ती सूट संपली. आता बाहेरचा माल महाग होईल, मग आपला चढेल. "आते थांबानं. आते भाव चढी."

मी म्हटलं, आबा, मागे एकदा कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्यांनी दहा हजारांची वाट पाहत घरात ठेवला, किती मिळाले? "सात," आबा म्हणाले. "पन ते साल येगळं व्हतं."

मी हे वाक्य या दुकानात याच काउंटरवर किमान चारदा बोललोय. २०२१ वेगळं होतं.

पोराने ब्लोअर मारला, सगळ्या दुकानात कापूस उडाला, माझ्या कोटेशनवर, आबांच्या टोपीवर, वांग्यांवर. साफसफाईचे दोनशे झाले. आबांनी दीडशे दिले आणि वरून वांगी. पोरगा खूश. मग निघताना आबांनी त्याच पिशवीतून चार वांगी काढून माझ्यापुढे ठेवली, मी नको नको म्हणतोय तर म्हणाले, ठेवा सर, भाजा घरी, हिरव्या मिरच्या घाला, आणि कसानी वाट दखस, घेऊन टाका एकदाचं.

मी म्हटलं, तुम्ही पण विकून टाका.

"थांब जराशी," आबा म्हणाले आणि नातवाचा कम्प्युटर पोटाशी धरून पायऱ्या उतरले. पोराने मला विचारलं, सर मग काय करू, बिल का कोटेशन? कोटेशनवर खाली बारीक अक्षरात आता एक नवीन शिक्का असतो, 'दर आजच्या दिवसापुरता'. मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. घडी घालून खिशात ठेवलं.

घरी बायकोने वांगी पाहिली, देठ दाबून पाहिला, ताजी आहेत म्हणाली, कितीला आणली. म्हटलं फुकट, कम्प्युटरच्या दुकानातून. ती गॅस पेटवता पेटवता थांबली. "नऊ वर्षांनी," म्हणाली, "त्या दुकानातून काहीतरी घरी आलं."