पाच मिनिटांत मॉडेल होतं, मग विश्लेषक कशाला?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचा गोषवारा असा: गुंतवणूक विश्लेषक म्हणजे एक्सेलमध्ये आकडे भरणारा कारकून, आणि ते काम एआय आता पाच मिनिटांत करतं. मॉडेल, म्हणजे कंपनीच्या पुढच्या कमाईचा आणि किमतीचा हिशेब मांडणारं कोष्टक, हे निव्वळ गणित. टार्गेट प्राइस, म्हणजे शेअर कुठल्या भावाला जाईल याचा अंदाज, कायम चुकते, म्हणजे सगळा खटाटोप फुकट. सल्ले तर सगळे ‘खरेदी करा’ असेच. तरीही या क्षेत्रात यायचंच असेल तर सीएफए (गुंतवणूक विश्लेषकांची तीन पातळ्यांची परीक्षा) करा, नोकरी ठरलेली. यातलं एक विधान बरंचसं खरं आहे; त्याच्याकडे येऊच.

‘आकडे भरणं हेच काम’

आकडे भरायला एआय येण्याआधीही फार वेळ लागत नव्हता. डेटा विकणाऱ्या कंपन्या ते तयारच देत. वेळ जातो तो दोन आकडे शेजारी ठेवण्याच्या लायकीचे आहेत का, हे ठरवण्यात. भाडेकरारांचं घ्या. आयएफआरएस 16 हे आंतरराष्ट्रीय हिशेब मानक 1 जानेवारी 2019 पासून लागू झालं. आधी जे भाडं कामकाजाच्या खर्चात दिसायचं, ते आता बहुतांशी घसारा आणि व्याज या दोन ओळींत जातं. धंदा तसूभर न बदलता एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) वाढला. अमेरिकी मानकात ऑपरेटिंग लीजचं (साध्या भाडेकराराचं) भाडं मात्र अजूनही कामकाजाच्या खर्चातच आहे. दोन्हीकडची एकेक कंपनी घेऊन ईव्ही-एबिटडा (बाजारमूल्य अधिक निव्वळ कर्ज, भागिले एबिटडा) काढलं आणि पहिलीच्या, म्हणजे आयएफआरएसवालीच्या, कर्जात लीजचं देणं धरायचं राहिलं, तर ती उगाच स्वस्त दिसते. उपाय दोन: पहिलीच्या एबिटडामधून लीजचा घसारा आणि व्याज वजा करा, किंवा दुसरीचं भाडं परत मिळवून तिचं लीजचं देणं कर्जात धरा. कुठलाही चालेल, पण दोघींना एकच.

शेअरच्या संख्येतही हीच गंमत. कर्मचाऱ्यांकडे 40 भावाचे 10 लाख स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या भावाने नवा शेअर घेण्याचे हक्क) आहेत आणि बाजारभाव 100 आहे. ऑप्शन वापरले की कंपनीकडे 400 लाख येतात, त्यात 4 लाख शेअर परत विकत घेता येतात. म्हणजे नव्याने वाढले 6 लाख. डेटा-फीडमधून मूळ संख्या उचलणाऱ्याला हे 6 लाख दिसतच नाहीत.

‘मॉडेल म्हणजे निव्वळ गणित’

हा दावा सर्वांत पटण्यासारखा वाटतो आणि सर्वांत चुकीचा आहे. डीसीएफमध्ये (पुढे येणाऱ्या रोकडीवरून आजची किंमत काढण्याच्या पद्धतीत) अर्ध्याहून जास्त किंमत बऱ्याचदा एका ओळीतून येते: टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे अंदाजाच्या शेवटच्या वर्षानंतरच्या सगळ्या काळाची किंमत. शेवटच्या वर्षाचा मुक्त रोकड प्रवाह (खर्च आणि गुंतवणूक भागून उरणारी रोकड) 100, डिस्काउंट रेट (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) 10 टक्के, कायमची वाढ 4 टक्के धरली तर 104 भागिले 0.06 (10 वजा 4 टक्के), म्हणजे साधारण 1733. वाढ 5 टक्के केली की 105 भागिले 0.05, म्हणजे 2100. एका टक्क्याने किंमत 21 टक्के वर गेली आणि गणित दोन्ही वेळा अचूक आहे.

चूक गणितात नसते, वाढ फुकट मिळते असं मानण्यात असते. वाढायचं तर नफ्याचा काही भाग धंद्यात परत घालावा लागतो. किती, ते वाढीचा दर भागिले गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा. समजा, पुढच्या वर्षीचा करोत्तर कामकाजी नफा 150 आणि परतावा 15 टक्के. 4 टक्के वाढीसाठी 40 परत घालावे लागतात, उरतात 110, किंमत 1833. 5 टक्क्यांसाठी 50 लागतात, उरतात 100, किंमत 2000. फरक 21 नव्हे, 9 टक्क्यांचा. आणि परतावा 10 टक्केच असेल, म्हणजे डिस्काउंट रेटइतकाच, तर दोन्ही वेळा उत्तर 1500 येतं. वाढीने काहीच हाती लागत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा की हा परतावा 15 टक्क्यांवर किती वर्षं टिकेल, स्पर्धक तो कधी खाली ओढतील. त्याचं उत्तर ग्राहक, पुरवठादार आणि स्पर्धकांचे अहवाल चाळून काढावं लागतं.

‘एआय पाच मिनिटांत करतं’

कॉन्फरन्स कॉलचा सारांश, जुन्या अहवालांतली कोष्टकं उचलणं, यासाठी एआय जरूर वापरा. पण ठरावीक जागी घसरतं: मूळ कंपनीचे आकडे समूहाचे म्हणून उचलणं, कंसातली ऋण संख्या धन धरणं, मागच्या वर्षीचा सुधारून छापलेला आकडा सोडून जुनाच घेणं. म्हणून ताळेबंद जुळतो का, रोकड प्रवाह पत्रकाची अखेरची शिल्लक ताळेबंदाशी मिळते का, विभागांची बेरीज एकूण विक्रीइतकी होते का, हे आधी तपासायचं. त्यानंतरची तपासणी अधिक मोलाची: मिळालेलं व्याज भागिले सरासरी रोकड. दर बाजारापेक्षा फारच कमी निघाला तर ती रोकड वर्षभर खरंच होती का, हे विचारायला हवं. जून 2020 मध्ये वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीच्या हिशेबातले 1.9 अब्ज युरो बहुधा अस्तित्वातच नाहीत, हे कंपनीने कबूल केलं. छापलेला आकडा कितीही वेगाने वाचला तरी तो खरा होत नाही.

‘टार्गेट चुकतं, म्हणजे काम फुकट’

टार्गेट प्राइस हा अहवालातला सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे, हे आम्हीही म्हणतो. उपयोगाचं काय, ते बघा. विक्री 1000 वरून 1200 झाली, नफाही वाढला. पण येणी वसूल व्हायला 60 दिवस लागायचे, ते आता 90 लागतात. येणी 164 वरून 296 वर गेली. वाढलेल्या 200 पैकी 132 अजून हातात आलेलेच नाहीत. वर्षअखेरीस विक्रेत्यांकडे माल ढकलला गेला का, हा प्रश्न इथून सुरू होतो, आणि पुढच्या दोन तिमाहींत काय दिसलं तर आपलं मत चुकलं असं मानायचं, हे चांगला विश्लेषक आधीच लिहून ठेवतो.

‘सगळे सल्ले खरेदीचेच’

सेल-साइडपुरतं, म्हणजे ग्राहकांसाठी अहवाल छापणाऱ्या ब्रोकर संस्थांपुरतं, हे बऱ्याच अंशी खरं. ‘विका’ म्हटलं की व्यवस्थापन दारं बंद करतं, आणि त्याच संस्थेच्या बँकिंग विभागाला त्या कंपनीचं काम हवं असतं. याच हितसंबंधांवरून अमेरिकेत 2003 मध्ये 10 मोठ्या संस्थांनी सुमारे 1.4 अब्ज डॉलरची तडजोड केली आणि संशोधन बँकिंगपासून वेगळं ठेवायचं बंधन आलं. ओढ मात्र पुरती गेली नाही. त्यामुळे सल्ला सोडा. प्रति शेअर नफ्याचा अंदाज मागच्या अहवालापासून किती आणि का हलला, ते वाचा. बाय-साइडचे विश्लेषक स्वतःच्या फंडासाठी लिहितात, ते बाहेर छापलंच जात नाही; त्यांना या दाव्यात ओढण्यात अर्थ नाही.

‘सीएफए करा, नोकरी ठरलेली’

उलटा क्रम. तिन्ही पातळ्या पार केल्या तरी सनद लगेच मिळत नाही; किमान 36 महिन्यांत मिळून 4,000 तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. म्हणजे अक्षरं नावापुढे लागायच्या आधी काम मिळालेलं हवं. मुलाखतीत अनेक ठिकाणी वार्षिक अहवाल हातात देऊन काही तासांत मॉडेल आणि एका पानाचं मत मागतात. तयारी करायची तर एकाच धंद्यातल्या तीन कंपन्यांचे पाच वर्षांचे अहवाल घ्या आणि वाचायला सुरुवात टीपांपासून करा: महसूल कधी धरला जातो, संबंधित पक्षांशी व्यवहार, आकस्मिक देणी.