पुतळ्याकडे पाठ करून बसा

हवानाला निघालेल्या प्रत्येक ओळखीच्याला मी हे तोंडी सांगतेच, आज लिहून टाकते. तिथल्या फ्लोरिदिता या बारमध्ये गेलात तर अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या पुतळ्याकडे पाठ करा आणि वादकांकडे तोंड करून बसा.

ओबिस्पो रस्त्याच्या टोकाचा हा बार १८१७ सालचा. तेव्हाचं नाव ‘ला पिन्या दे प्लाता’, म्हणजे चांदीचं अननस. पुढे कोन्स्तान्ते नावाच्या कातालान बारमननं इथल्या बर्फाळ डायकिरीला जगभर नाव मिळवून दिलं. रम, लिंबाचा रस, साखर, माराश्चिनो या चेरीच्या मद्याचे थेंब आणि भरपूर बर्फ, सगळं मिक्सरमधून गरगर फिरवलेलं. हेमिंग्वे ती प्यायला यायचा. काउंटरला रेललेला त्याचा ब्राँझचा पुतळा मात्र २००३ सालचा आहे. लोक येतात, त्याच्या खांद्यावर हात टाकतात, फोटो काढतात आणि ग्लास रिकामा करून निघतात. त्यांच्या पाठीमागे माणसं जीव ओतून गात असतात. मला ते बघवेना.

मी वादकांच्या अगदी पुढ्यातली खुर्ची धरली. सोन चालू होता. क्यूबाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातून हवानात आलेलं हे संगीत: स्पॅनिश गिटार आणि आफ्रिकी ताल एकाच घरात नांदतात तसं. ‘त्रेस’ नावाचं तारांच्या तीन जोड्यांचं वाद्य, बोंगो, माराकास म्हणजे खुळखुळे, आणि क्लावे. क्लावे म्हणजे टिपऱ्यांसारख्या दोन आखूड, जाड काठ्या. एक काठी डाव्या हाताच्या ओंजळीत अलगद ठेवायची, मुठीत आवळायची नाही. काठीखालची तळहाताची पोकळी घुमते. तिच्यावर दुसरीचा टोला. तीन आणि दोन, एवढे पाचच टोले, पण अख्खा मेळ त्यांवर उभा असतो. मग मोन्तुनो आला, म्हणजे गाण्यातला सवाल-जवाबाचा भाग. मुख्य गायक जागच्या जागी ओळी रचत सुटला आणि बाकीचे एकच ओळ पुन्हा पुन्हा उचलू लागले. शाहिरामागे झीलकरी धरतात ना, अगदी तसं! भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी कुठे साथ द्यायची ते हातांना कळत होतं.

माझं म्हणणं एवढंच की जुना बार भिंतींनी जुना राहत नाही. हे गाणारे हात थांबले, तर उरेल ते फक्त लाकडी काउंटर. म्हणून एका डायकिरीवर निदान तासभर बसा. पर्यटकांना ठाऊक असलेलीच दोन-तीन गाणी मागू नका, त्यांच्या मनातलं गाऊ द्या. टोपली फिरली की त्यात पैसे टाका, आणि चांगले टाका. तिथल्या पगारात भागत नाही, घर बऱ्याचदा या टोपलीवर चालतं.

गाणं संपल्यावर मी क्लावेवाल्या काकांना खुणेनंच विचारलं, बघू का? त्यांनी काठ्या माझ्या हातात दिल्या. वर्षानुवर्षं एकाच जागी टोले बसून लाकडाला मधोमध खळगा पडला होता. मी वाजवून पाहिलं, आवाज बसका आला. त्यांनी माझी आवळलेली बोटं एकेक करून सैल केली आणि म्हणाले, ‘आसी.’ असं.