'वाट एवढीशी होती, तुम्हीच ती लांब केलीत' या कमेंटला उत्तर

कमेंट वाचली, दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. लहानपणी ज्या पाणंदीतून रोज जायचो तिच्याबद्दलच्या माझ्या लेखावर यांचं म्हणणं असं की हे सगळं गोडगोड स्मरणरंजन आहे, ती वाट फार तर दहा-पंधरा मिनिटांची असणार, पावसाळ्यात तिथे चिखल असणार त्याचा लेखात पत्ताच नाही, आणि एवढं प्रेम आहे तर एकदा जाऊन बघून का येत नाही.

लांबीवरून भांडायचंच तर भांडू. सात वर्षांच्या पोराचं पाऊल मोठ्या माणसाच्या पावलाच्या साधारण दोन-तृतीयांश पडतं, म्हणजे जिथे तुमची १,३००-१,४०० पावलं होतात तिथे त्याची २,००० च्या आसपास होतात, आणि हे तो सरळ चालला तर! सरळ कोण चालतंय? कडेच्या गवतात कोळ्याचं चादरीसारखं जाळं असायचं, एका टोकाला आत जाणारं नळकांडं आणि त्याच्या तोंडाशी कोळी दबा धरून बसलेला, काडीने जाळं हलकंच हलवलं की सुसाट बाहेर यायचा, काडी आहे कळलं की तसाच उलटा आत. असं प्रत्येक जाळ्याशी थांबत जायचं म्हटल्यावर तास लागणारच ना राव. मी तास लिहिला तो लागलेला वेळ होता, मीटर मोजून लिहिला नव्हता.

आता चिखल. होता, भरपूर होता, आणि गंमत म्हणजे तुम्हाला खुपणारा चिखल आणि मला आवडणारी ती वाट, दोन्हींचं कारण एकच. गाड्यांची चाकं आणि जनावरांचे खूर माती भुसभुशीत करतात, पाऊस ती वाहून नेतो, असं वर्षानुवर्षं झालं की वाट शेतापेक्षा खाली जाते आणि मग दोन्हीकडचं पाणी तिच्यातच उतरतं. इंग्लंडच्या दक्षिण भागात तर शेकडो वर्षं वापरलेल्या अशा काही वाटा माणसाच्या उंचीपेक्षा खोल गेल्यात. आमची एवढी नव्हती, मोठ्यांच्या कमरेइतकी असेल, पण तेवढ्यात पोराच्या दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहतात, घर दिसत नाही, शेत दिसत नाही, वर फक्त आभाळाची पट्टी, आणि मोठी माणसं हाकेच्या अंतरावर असूनही आपण कुठेतरी फार लांब आलोय असं वाटतं. मला लिहायचं होतं ते हे. चिखलात चप्पल रुतून बसली की ती आमची मजा, गाडी रुतली की ती मोठ्यांची कटकट. आजारी माणसाला त्यातून न्यायचं असेल तर पक्का रस्ताच हवा, त्यावर माझं तुमच्याशी काही भांडण नाही. पण तो लेख सात वर्षांच्या पोराच्या उंचीवरून लिहिलाय, त्यात मोठ्यांची कटकट घुसडली असती तर तीच खोटी वाटली असती.

'आठवणीवर काय विश्वास ठेवायचा' हे मात्र बरोबर बोललात, माणूस आठवताना गोष्ट पुन्हा नव्याने रचतो हे फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ मध्येच मांडलं होतं. फक्त जागांचं थोडं वेगळं आहे असं मला वाटतं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठराविक जागी पोचल्यावरच पेटणाऱ्या पेशी असतात, जॉन ओकीफला त्या १९७१ मध्ये उंदरांत सापडल्या, २०१४ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा त्यासाठीच होता, आणि घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवायचं कामही मेंदूच्या त्याच भागाकडे आहे. त्यामुळे असेल, मला तेव्हाची बोलणी अजिबात आठवत नाहीत, पण कुठल्या वळणावर चाकोरी डावीकडे जास्त खोल होती आणि मधल्या गवताच्या पट्ट्यावरून कुठून चालायचं हे आत्ता डोळे मिटून सांगेन.

राहिलं जाऊन बघण्याचं. जाईन की. पण आत्ता गेलो तर जे दिसेल ते जुन्यावर चढणार आणि मग कुठलं कधीचं ते मलाच कळणार नाही, म्हणून आधी उतरवून काढतोय. वळणापलीकडचा भाग लिहायचा बाकी आहे, तो झाला की निघतो. तोवर चिखलाबद्दल अजून काही लिहायचं असेल तर खाली बिनधास्त लिहा, कमेंट उडवणार नाही.