स्ट्रीम की ग्रुपवर टाकू नका, हात जोडते

आज दुपारपासून डोकं फिरलंय. एका मोठ्या ग्रुपवर, ज्यात निम्मी माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत, कुणीतरी कार्यक्रमाची स्ट्रीम की, म्हणजे चॅनलवर लाइव्ह सुरू करायचा गुप्त कोड, सरळ पेस्ट केली आणि खाली लिहिलं, ज्याला जमेल त्याने लाइव्ह सुरू करा. मी म्हटलं अहो ही लगेच रिसेट करा, म्हणजे जुनी बंद होऊन नवी मिळेल, तर उत्तर काय, "आपलीच माणसं आहेत, एवढा संशय कशाला?"

संशयाचा प्रश्न येतोच कुठे? ती की ओबीएसमध्ये, म्हणजे लाइव्ह करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकली की झालं, पासवर्ड विचारत नाही, ओटीपी येत नाही, टू-स्टेप लावलेलं असलं तरी काही उपयोग नाही. आणि यूट्यूबची नेहमीची की आपण रिसेट करेपर्यंत तीच राहते, मेसेज डिलीट केला तरी ज्याने कॉपी करून घेतली त्याच्याकडे ती चालूच.

माझी मैत्रीण गणिताचे लाइव्ह क्लास घेते. मदतीला एकजण होता त्याला की दिली, त्याने पुढे अजून कुणाला दिली. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पोरं वही-पेन घेऊन बसलेली आणि मॅडमच्या चॅनलवर कुणीतरी भलताच माणूस पैसे दुप्पट करून देतो म्हणत क्यूआर कोड दाखवतोय! तिने घाईघाईत पासवर्ड बदलला, तरी ते चालूच. पासवर्ड वेगळा, की वेगळी, हे त्या गडबडीत कोण सांगणार तिला?

ट्विच या लाइव्ह स्ट्रीमिंगच्या साइटचा डेटा २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये फुटला तेव्हा त्यांनी सगळ्यांच्याच स्ट्रीम की रिसेट केल्या होत्या. आणि आपण म्हणतो काय होतंय!

मान्य, ऐनवेळी लॅपटॉप बंद पडतो, दुसऱ्याच्या मशीनवरून लाइव्ह करावं लागतं. करा ना. पण ती की त्या मशीनवर ओबीएसच्या प्रोफाइलमध्ये साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पडून राहते, म्हणून कार्यक्रम संपला की रिसेट मारा. रोजचा माणूस असेल तर त्याच्या स्वतःच्या अकाउंटला चॅनलची परमिशन द्या, काम सोडलं की काढून घ्या. आणि स्क्रीन शेअर चालू असताना ओबीएसच्या सेटिंगमध्ये ते 'शो' बटण दाबू नका रे बाबांनो, की झाकणारे ते ठिपके उगाच नाही दिलेले.

मैत्रिणीला सगळ्यात जास्त लागलं ते पालकांचं बोलणं. "मॅडम, तुम्ही पण असल्या धंद्यात?" तिने एकेकाला फोन करून समजावलं, बोलता बोलता रडायला यायचं तिला. ज्याने की पुढे दिली त्याला मात्र कुणी एक शब्द विचारला नाही, याचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

असो, जरा चढ्या आवाजात लिहिलं गेलं. ज्यांना रिसेट कुठे असतं ते सापडत नाहीये त्यांनी इनबॉक्समध्ये या, यूट्यूब स्टुडिओत लाइव्हच्या पानावर कीच्या शेजारीच बटण आहे, मी फोनवर बसून करून देते. फक्त मला की पाठवू नका.