वंशावळ आणि एक येणेबाकी गाय

कोल्हापुरात कुणालाही त्याच्या पूर्वजांबद्दल विचारा, पूर्वज सरदारच निघतो. कुणाचा १७१० साली ताराराणींबरोबर पन्हाळ्यावर होता, कुणाचा १७३१ च्या वारणेच्या तहाला तंबूच्या दारात भाला घेऊन उभा होता. करवीर राज्यात एवढे सरदार असतील तर घोड्यांना चंदी कोण घालत होतं आणि मुळात शेतं कोण नांगरत होतं, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. आमचे थोरले चुलते, म्हणजे आबा, त्यावर म्हणायचे, "ती दुसऱ्यांची माणसं."

आमच्या घराण्याची तलवारही होती. पुरात गेली. इथे जे दाखवता येत नाही ते सगळं पुरात गेलेलं असतं. आबांच्या मते ती १९८९ च्या पुरात गेली, धाकट्या काकांच्या मते २००५ च्या, आणि काकू शपथेवर सांगतात की २०१९ ला पाणी माळ्याला लागलं तोवर ती तिथंच होती, त्यांनी स्वतः पुसली होती. तलवार गेली, पण सनद राहिली. लाल फडक्यात गुंडाळलेला, मोडीत लिहिलेला एक कागद. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल घरात मतभेद नव्हते.

हे सगळं सुखात चाललं होतं. मग बेंगलोरला असलेल्या पुतण्याने घरच्या ग्रुपवर रिकाम्या चौकटींचा एक तक्ता टाकला आणि खाली लिहिलं, 'काका, आता तुम्ही रिटायर झालाय, तेवढं भरून द्या.' पुढे हात जोडल्याचं चित्र. पाठोपाठ सगळ्या भावकीने अंगठे दाखवले.

मला वाटलं होतं, आजोबांपर्यंत माहीत आहे, त्याच्या वर चार नावं काढायची. पण आमच्यात आज्याचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. म्हणजे काशिबाचा म्हादू, म्हादूचा काशिबा, त्या काशिबाचा परत म्हादू. कुठलाही कागद हातात घ्या, त्यात काशिबा आणि म्हादू हे दोघेच. कधी हा त्याचा बाप, कधी तो ह्याचा. दोनच माणसांनी दोनशे वर्षं एकमेकांना जन्म देत शेती केली असावी असं वाटायला लागतं.

शाळेच्या जुन्या रजिस्टरात जन्मतारखा मिळतील म्हणून तिकडे गेलो. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या रुपयाच्या भीतीने आमच्या पणजोबांनी पोरगं नेऊन बसवलं असणार. जन्मतारीख विचारल्यावर त्यांनी काय सांगितलं असेल ते मला पाठ आहे : "पाऊस लई झालाता त्या साली." गुरुजींनी शांतपणे १ जून लिहिलं. ते पोरगं म्हणजे आमचे आजोबा. त्यांच्या धाकट्या भावाची तारीख १ जून. माझ्या वडिलांची १ जून. आमच्या घराण्यात उरलेल्या ३६४ दिवसांत कुणी जन्मालाच आलं नाही. पुतण्याच्या संगणकाने ते सगळं तपासून विचारलं, 'ही एकच व्यक्ती आहे का?'

मग गावची चावडी. तलाठी हे पद आपल्याकडे आलं तेही महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन काढलं तेव्हा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून कुणाच्या तोंडात ते बसलेलं नाही. मी जुने फेरफार आणि सहा-क ची वारस नोंदवही बघायला मागितली. समोरच्याने चष्म्यावरून बघत विचारलं, "कशाला लागतंय?" म्हटलं, वंशावळ काढायची आहे. "ते कळलं. कशाला लागतंय?" २०२३ पासून सरकारनेच कुणबी नोंदी शोधायचं काम हातात घेतल्यामुळे जुन्या दप्तरांना बरे दिवस आलेत, पण तिथं येणारा प्रत्येक जण दाखल्यासाठी येतो किंवा जमिनीसाठी. नुसतं माहिती करून घ्यायला कुणी येत असेल यावर कुणाचा विश्वास बसत नाही. खरं सांगायचं तर माझाही बसला नसता.

मी चावडीतून बाहेर पडून एसटी धरेपर्यंत गावात बातमी पसरली होती. गंगावेशीत उतरतोय तोच चुलतभावाचा फोन. "दादा, वाटणी मागणार हाईस व्हय? तसं असंल तर तोंडावर सांग." त्याच्यामागे दुसऱ्याचा. तिसऱ्याने काहीच विचारलं नाही, फक्त वहिनींच्या हाती दोन किलो गूळ आणि शेंगा पाठवल्या. तो जास्त घाबरलेला होता.

फेरफार वाचायची एक गंमत असते, ती मात्र मला मिळाली. माणूस गेला की सातबारावर त्याच्या नावाला कंस पडतो आणि खाली वारस लागतात. पोरगं लहान असेल तर नावापुढे 'अपाक', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि बहुतेक तिथे त्याची आई असते. बाईचं नाव कागदावर यायला एवढंच निमित्त : नवरा लौकर गेला पाहिजे आणि पोरगं लहान पाहिजे. माझ्या पणजीचं नाव मला असं 'अपाक'च्या मागे सापडलं. तिच्या सासूचं नाव कुठेच नाही, कारण तिचा नवरा चांगला खाऊन-पिऊन नव्वदीपर्यंत जगला.

एवढं होईस्तोवर आबा म्हणाले, "अरं, सनद हाय की. ती वाचून घे म्हंजे ह्या अपाक-बिपाकची गरजच न्हाई."

शिवाजी पेठेत एक निवृत्त गुरुजी मोडी वाचून देतात. सध्या त्यांच्याकडे लग्नाच्या मुहूर्ताला भटजींकडे असते तशी गर्दी असते. मी फडकं सोडून कागद पुढे ठेवला. कागदावर पिढ्यानपिढ्यांचं हळदकुंकू, एका कोपऱ्यात निरांजनाने जळकं भोक. गुरुजींनी भिंग लावलं. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ह्रस्व-दीर्घाची भानगड नाही. लिहिणाऱ्याची सोय बघून केलेली लिपी, वाचणाऱ्याचं काय व्हायचं ते होवो.

"सन दिसतंय... सलास," गुरुजी पुटपुटले. सलास म्हणजे तीन. जुन्या मराठी कागदांतला सुहूर सन अरबी अंकांच्या नावांनी, अक्षरांत लिहायचा आणि इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. पण सलासच्या पुढच्या आकड्यावर नेमकं कुंकू. "तुम्ही पूजा जरा कमी केली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. मग सावकाश वाचायला लागले. काशिबा बिन म्हादू. माझे कान टवकारले. आबा सरसावून बसले. काशिबा बिन म्हादू याने शेजारियाचा बांध दोन हात कोरिला. बांधावरील बाभूळ तोडून घरी नेली. पुसता शिवीगाळ केली. सबब गुन्हेगारी रुपये दोन घेऊन...

"गुन्हेगारी म्हंजे?" आबांनी बारीक आवाजात विचारलं.

"दंड," गुरुजी म्हणाले. "पावती आहे ही."

ज्याचा बांध कोरला त्याचं आडनावही गुरुजींनी वाचलं. ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो, कारण त्याच घराण्याशी त्याच बांधावरून आमचा दावा आजही कोर्टात चालू आहे आणि पुढच्या महिन्यात तारीख आहे. आबांनी कागद ओढून घेतला, परत फडक्यात बांधला आणि जिना उतरताना मला बजावलं, "वकिलाला हे सांगू नगंस."

मला मात्र तिथं एक गोष्ट पटली. आपण दप्तरात थोर माणसं शोधायला जातो आणि दप्तर ठेवलेलं असतं सारा वसूल करायला. त्यात नाव यायचं तर एकतर देणं लागावं लागतं, भांडण करावं लागतं, नाहीतर मरावं लागतं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात दरबारी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. त्यात ज्याने वेळेवर सारा भरला, बांध राखला आणि शेजाऱ्याला रामराम घातला असा एखादा काशिबा असलाच, तर तो दिसणार नाही. आमचा दिसला.

आता राहिला हेळवी.

बेळगावकडून आमच्या भागात सुगी झाली की हेळवी येतात. गावं आणि घराणी त्यांची ठरलेली असतात. वंशावळ सांगायची, नवी पोरं लिहून घ्यायची आणि धान्य, भांडं, जमलं तर जनावर घेऊन जायचं. त्यांचा मूळ पुरुष पायाने अधू होता म्हणून बैलावर बसून फिरायचा असं सांगतात. आमचा हेळवी मोटारसायकलवर आला. कपाळाला भंडारा, गळ्यात मोबाइल, आणि डिकीतून काढलेली कापडी बांधणीची लांबोडी वही. सोप्यात घोंगडं टाकलं, त्यावर तो मांडी घालून बसला, पाणी प्याला, डोळे मिटले आणि वही न उघडताच सुरू झाला.

काय सांगू! कचेऱ्यांतून हिंडून मला चार नावं मिळाली नव्हती, आणि हा एका दमात, झुलत झुलत, घराणं कुठल्या मुलखातून उठलं, वाटेत कुठल्या गावी दोन पावसाळे काढले, कुणाला दोन बायका, कोण निपुत्रिक, कोण प्लेगात गेला, देवक काय, ज्योतिबाला काय बोललेलं हे घडाघडा सांगत सुटला. मध्येच एखादा शब्द कानडी. काशिबा आणि म्हादू यांची त्याने टोपणनावं लावून वेगवेगळी माणसं केली : बोळका काशिबा, घारा म्हादू, आकडेवाला काशिबा. हा आकडेवाला म्हणजे ओढ्यावरचा मासे पकडणारा. पुतण्याच्या चौकटी भराभर भरायला लागल्या. मग ऐन रंगात, आजोबांच्या बापापाशी येऊन, तो थांबला. पाणी मागितलं. आबांनी खूण ओळखून पायलीभर जोंधळा आणि शंभराची नोट पुढे ठेवली. गाडी पुढे सरकली.

लिहून घ्यायची वेळ आली तसा घोळ सुरू झाला. हेळवी मुलगे लिहीत होता. चुलीपाशी बसलेली आमची आत्ती, वय ऐंशीच्या पुढं, पदर खोचून बाहेर आली.

"आणि मी? मी काय उकिरड्यावर उगावलो व्हय?"

"आत्ती, पोरींची पद्धत न्हाई," आबा म्हणाले.

"पद्धत न्हाई? मग २००५ ला सही घ्यायला कसं पळत आलासा? तवा बरं माझं नाव ठावं होतं!"

त्या साली कायदा बदलला आणि वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क झाला. पूरही त्याच साली आला होता. आबांच्या हिशेबी दोन्ही नुकसान एकाच खात्यात आहे. हेळव्याने एकदा आबांकडे बघितलं, एकदा आत्तीकडे, आणि शहाण्या माणसासारखा वहीत आत्तीचं नाव लिहिलं. आत्तीने त्याला कनवटीचे पन्नास काढून दिले आणि "तिच्याबी पोरी लिव्ह" म्हणून माझ्या बहिणीकडे बोट केलं.

एवढ्यात धाकट्या काकांनी मूळ दुखण्याला हात घातला. गावच्या जत्रेत पहिला नैवेद्य कुणाचा, हा आमच्यातला जुना वाद. मान थोरल्या पातीचा, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेचा, आणि थोरली पाती आपलीच असं दोन्ही घरांचं म्हणणं. "बोळक्या काशिबाच्या दोघांतला थोरला कोण, तेवढं सांग," काका म्हणाले. सोप्यात चिडीचूप. दारात उभी असलेली भावकी आत सरकली. आबा ठासून म्हणाले, "थोरला आमचा." काका म्हणाले, "आमचा. वही काढ."

हेळव्याने पहिल्यांदाच वही उघडली. बोट फिरवत एका पानावर आला.

"थोरला कोण ते हाय इथं," तो म्हणाला. "पण त्येच्या आधी दुसरं हाय. तुमच्या आज्यानं, नातू झाला तवा, माझ्या आज्याला गाय कबूल केली हुती. पुढल्या सालाला देतो म्हणाला. त्यो गेला, माझा आज्जाबी गेला. गाय आली न्हाई. बाकी लिवल्याली हाय."

"गाय?" आबा म्हणाले.

"दुभती. वासरासकट." त्याने पानावर बोट ठेवलं. "ही थोरल्या पातीकडं लागते."

बाजारात दुभत्या गाईचा भाव काय चाललाय, हे सोप्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. अर्ध्या जणांचं दूध डेअरीला जातं. काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग अतिशय मायेने आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आबा, तुमचंच खरं. थोरले तुम्हीच."

"छ्या छ्या," आबा उठत म्हणाले, "मान तुमचा. आमी कवाच वाद घातला न्हाई."